गार भिंतीशेजारचा माड

भिवंडीत थंडी पडत नाही, असं सांगणारी माणसं मला दर वर्षी भेटतात आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. ही माणसं साडेअकरा-बाराला गाडीतून उतरतात, एखादं गोदाम बघतात, बिर्याणी खातात आणि ऊन कलायच्या आत परत जातात. जाताना वर सांगतात, तुमच्याकडे काय, बारा महिने उकाडाच. त्यांना एकदा डिसेंबरच्या शेवटी पहाटे साडेपाचला आमच्या मोरीतल्या नळाखाली हात धरायला लावलं पाहिजे. वाड्याच्या रस्त्याने, अंबाडीकडून जी कोरडी हवा खाली सरकते ती थेट हाडांत शिरते. खाडीच्या अंगाने धुकं येतं, कारखान्यांच्या पत्र्यांवरून दव ठिबकतं. पहिल्या पाळीला निघालेले कामगार टपरीवर चहाचा ग्लास तोंडाला कमी लावतात आणि दोन्ही तळहातांत धरून बसतात जास्त.

आज सकाळी तशी हवा सुटली. स्वेटर काढायला मी कपाटाचा खालचा खण उघडला आणि स्वेटरच्या आधी हाताला लागल्या त्या जुन्या चादरींच्या पट्ट्या. वीतभर रुंद, नीट गुंडाळलेल्या, सुती. मला वस्तूंकडे बघत बसायची सवय नाही. पण त्या पट्ट्या हातात आल्या की चार हिवाळ्यांमागचा तो एक हिवाळा आठवतो, आणि आठवला की राग येतो. कोणाकोणाचा येतो ते सांगते. यादीत मीही आहे.

आमची इमारत चार मजली. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि कापड तपासायच्या खात्यात काम करते. लूमवरून उतरलेला कापडाचा ताका आमच्या टेबलावर येतो, काचेखाली दिवा असतो, कापड वरून सरकत जातं आणि आम्ही बायका दोष शोधतो. तुटलेला ताणा, बाण्यातली गाठ, तेलाचा डाग. दिसला की खडूने खूण. सत्तावीस वर्षं हेच करते आहे. लग्नात लोक नवरी बघतात, मी शालूची वीण बघते. सांगायचा मुद्दा असा की कापड या विषयात मला कोणी शिकवावं अशी माझी परिस्थिती नाही. निदान माझी तशी समजूत होती.

इमारतीच्या मागच्या बाजूला सगळीकडे सिमेंट आहे, फक्त सहा बाय सहा फुटांचा एक तुकडा उघड्या मातीचा राहिला आहे. बिल्डरचं सिमेंट कमी पडलं म्हणून राहिला, कोणाला झाडांची आवड होती म्हणून नाही. त्या तुकड्याला लागून भिंत आहे आणि भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. चोवीस लूम, दोन पाळ्या. आमच्या घरातली फडताळावरची भांडी दिवसभर बारीक थरथरायची आणि लाइट गेली की ती अचानक गप्प व्हायची, तेव्हा घर रिकामं वाटायचं. त्या भिंतीला हात लावला तर ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावल्यासारखं वाटे. मोटारींची ऊब, माणसांची ऊब, पत्र्याखाली कोंडलेली हवा, सगळं त्या भिंतीत मुरलेलं. पावसाळ्यात आख्ख्या इमारतीच्या पोरांचे गणवेश त्या भिंतीला लावलेल्या दोरीवर वाळत. कारखान्याच्या आवाजाबद्दल महापालिकेकडे तक्रार करणारे लोकसुद्धा आपले कपडे तिथेच वाळत घालत. हे मी मुद्दाम सांगते.

तळमजल्यावर हलीमाखाला राहतात. कोकणी मुसलमान, जुन्या घराण्यातल्या. त्यांच्या माहेरची वाडी खाडीकाठी होती, माडांची. ती विकली गेली आणि तिथे गोदाम उभं राहिलं, तेव्हा खाला शेवटचं जाऊन आल्या आणि येताना बादलीत कोंब फुटलेला एक नारळ घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांना खड्डा खणणं जमणार नव्हतं. मला खिडकीतून हाक मारून म्हणाल्या, “हा घे, बाय. जगला तर तुजा, मेला तर माजा.”

मला हा सौदा बरा वाटला. खड्डा खणला, तळाला खालांनी सांगितलं म्हणून मूठभर मीठ घातलं, त्यावर माती आणि शेणखत, आणि नारळ लावला. खालांचं म्हणणं होतं की माड माणसांची चाहूल ऐकून वाढतो, याला तर चोवीस लूम ऐकायला मिळतात, हा शहाणा होईल. मी म्हटलं, ऐकायला त्याला कान नाहीत, भिंत उबदार आहे म्हणून वाढेल. काहीही असो, वाढला. तीन वर्षांत माझ्या डोक्याच्या वर झावळ्या गेल्या. मधली सुरळी, म्हणजे अजून न उलगडलेलं नवं पान, माझ्या कपाळाच्या उंचीला आली. सरळ, टोकदार, फिकट हिरवी.

माडाला काय लागतं ते सांगायला फार हुशारी लागत नाही. पाणी, ऊन, आणि कोणीतरी रोज एकदा बघणं. दापोड्याच्या रस्त्याला जा. माझे यजमान तिथल्या एका गोदामात सुपरवायझर आहेत, म्हणून ते मला नेहमी दिसतं. नवं गोदाम उघडायचं असलं की आदल्या दिवशी ट्रकमधून मोठाले शोभेचे पाम येतात. बुंधे बाटलीसारखे फुगीर, मुळं गोणपाटात बांधलेली. फाटकाच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या टेकूवर उभे करतात. फीत कापली जाते, फोटो निघतात. नंतर त्यांच्याकडे कोणी बघत नाही, कारण झाडं लावायचं काम दिलेलं असतं, वाढवायचं नाही. पहिल्या हिवाळ्यात शेंडे करपतात आणि उन्हाळ्यात नुसते खांब उरतात. पुढच्या गोदामाला पुन्हा नवे येतात. एकदा मी यजमानांना म्हटलं, निदान सुरक्षारक्षकाला सांगून बादलीभर पाणी घालायला लावा. ते म्हणाले, तो माझ्या खात्यात येत नाही. सगळं जग खात्यांत वाटलेलं आहे आणि झाड कोणाच्याच खात्यात येत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर पलीकडचा कारखाना बंद झाला. मालकाने लूम भंगारात काढले आणि शेड गोदामाला दिली. लूम कापताना तीन दिवस कटरचा आवाज येत होता, आणि चौथ्या दिवशी काहीच आला नाही. माझ्या फडताळावरची भांडी थांबली. तीन-चार दिवस मला वाटत राहिलं की लाइट गेली आहे.

कारखान्यात नसीमभाई म्हणून विणकर होते, उत्तर प्रदेशातले, माझ्याच वयाचे. वीस वर्षं त्या शेडमध्ये. भिंतीवरून त्यांची-माझी ओळख, ते मला भाभी म्हणत. गावी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटच्या ताक्यातला अडीच मीटरचा तुकडा मला दिला. त्यांच्या लूमवर निघालेलं शेवटचं कापड. म्हणाले, “रख लो भाभी, पोंछा-वोंछा बना लेना।” मी ते घडी करून ठेवलं. पोंछा करायला मला ते जड गेलं असतं, असं काही नाही. घरात फडकी भरपूर होती.

आणि मग थंडी पडली. दर वर्षीपेक्षा जास्त. किती, ते मला माहीत नाही, पण खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवून भागेना, ती गरम पाण्यात धरावी लागत होती, यावरून ओळखा. एका सकाळी पाणी घालायला खाली गेले आणि सवयीने भिंतीला हात टेकला. गार. दगड असतो तशी गार. इतकी वर्षं मी त्या भिंतीला भिंत समजत होते, ती खरं तर चूल होती. चूल विझली होती.

आठ दिवसांत माडाच्या खालच्या झावळ्या पिवळ्या पडायला लागल्या. पानांवर तपकिरी ठिपके आले. इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये मी एक फोटो टाकला ही माझी चूक. चौदा जणांनी सल्ले दिले. त्यातल्या एकानेही खिडकीतून वाकून खाली बघितलं नव्हतं. कोणी म्हणालं ताक घाला, कोणी म्हणालं मुळाशी गरम पाणी घाला, एकीने तर नजर काढायला सांगितली. शेवटी आमचे चेअरमन लिहिते झाले. त्यांनी लिहिलं की हा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

चेअरमन वाईट माणूस नाही. निवृत्त आहेत, टापटिपीचे आहेत, पाण्याच्या टाकीवर स्वतः चढून बघतात. पण सिमेंट न केलेली जागा दिसली की त्यांना अस्वस्थ होतं, जसं काहींना न मोडलेली मोठी नोट दिसली की होतं. मीटिंगमध्ये त्यांनी मुद्दा मांडला: गाड्या रस्त्यावर लागतात, चोऱ्या होतात, मागे सहा बाय सहाची जागा पडून आहे. तिथे फरशी घातली तर दोन स्कूटर बसतात. झाड तसंही चाललंच आहे.

मी म्हटलं, चाललेलं नाही, आजारी आहे.

“वहिनी, तुमचं मन मोडायचं नाही मला,” ते म्हणाले. “होळीपर्यंत बघू. जगलं तर राहू दे. मेलं तर होळीत घालू आणि दुसऱ्या दिवशी फरशी.”

लोक हसले. मलाही हसायला हवं होतं, म्हणजे विषय हलका झाला असता. मी हसले नाही. सहा बाय सहा. आख्ख्या इमारतीत पावसाचं पाणी जमिनीत जाईल अशी तेवढीच जागा, एवढंही माझ्याशिवाय कोणाच्या डोक्यात नव्हतं. पण मी तेव्हा भाषण केलं नाही. होळीपर्यंत, ठीक आहे, असं इतिवृत्तात लिहून घ्या म्हटलं. लिहून घेतलं.

घरी आले आणि कामाला लागले. गोणपाटाचा आडोसा उभा केला, वाऱ्याच्या बाजूने. मुळांवर सुका पालापाचोळा घातला. पाणी सकाळी न घालता दुपारी ऊन असताना घालायला लागले. आणि सुरळी, जी सगळ्यात नाजूक, ती गुंडाळायची ठरवली. त्यासाठी मला नसीमभाईंचा तुकडा आठवला. पांढरट, कोरा, धुतलेला नाही, अंगाला थोडा खरखरीत. त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि बुडापासून शेंड्यापर्यंत सुरळी आणि तिच्या आजूबाजूची कोवळी पानं गुंडाळून टाकली, जखमेला पट्टी बांधतात तशी, एकावर एक, नीट. वरून दोन गाठी. यजमान गॅलरीतून बघत होते. म्हणाले, मला मफलर मागून घ्यावा लागतो. मी म्हटलं, तुम्हाला हात आहेत.

दोन आठवडे मी ते सोडलं नाही. रोज वरून बघायचे, पट्टी जागेवर आहे, ठीक. खाला खिडकीतून विचारायच्या, आज काय म्हणतोय. मी सांगायचे, झोपलाय. मला माझाच अभिमान वाटत होता. हे लिहिताना कान तापतात, पण लिहिते.

जानेवारीच्या मध्याला एके सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. नसीमभाई. गावी शेतीत भागेना म्हणून परतले होते. ज्या शेडमध्ये वीस वर्षं लूम चालवले तिथेच आता वॉचमन. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, खिशावर कोणाचं तरी नाव छापलेलं, जे त्यांचं नव्हतं. मला त्या शर्टाकडे बघवेना. मी त्यांना आत बोलावलं, माड दाखवला, थोडं कौतुक ऐकावं म्हणूनही असेल.

त्यांनी कौतुक केलं नाही. पट्टीच्या टोकाला लोंबणारा एक धागा त्यांनी दोन बोटांनी ओढून काढला. विडी पेटवायला काडी ओढली होतीच, तिच्याजवळ तो धागा धरला. धागा पेटला नाही. आगीपासून मागे सरला, वळला, आणि टोकाला काळा कडक मणी झाला.

मी तो प्रकार हजारदा केलेला आहे. कामावर लागलेल्या पहिल्याच दिवशी शिकवतात. सूत जळतं, कागद जळल्याचा वास येतो, मागे राख उरते आणि बोटांत चुरडली तर विरते. पॉलिस्टर जळत नाही, वितळतं, आणि मणी होतो. पोरीबाळींना हे मी स्वतः शिकवते. नवीन ताका आला की आधी धागा काढ, जाळून बघ, मग बोल.

“ये सूती नहीं है भाभी,” नसीमभाई म्हणाले. “आखिरी साल सेठ पालिस्टर चलाता था। आपने इसको प्लास्टिक पहना दिया।”

मी पट्ट्या सोडायला घेतल्या. गाठी मीच घट्ट बांधलेल्या, सुटेनात. आत सगळं ओलं होतं. वरून पाणी पडलेलं, दव मुरलेलं, दुपारच्या उन्हात आतल्या आत घामेजलेलं, आणि पॉलिस्टर ते बाहेर सोडत नाही. सुती असतं तर सुकलं असतं. सुरळी बुडाशी करडी झाली होती. मी ती दोन बोटांत धरली आणि हलकेच वर ओढली. माडाची सुरळी ओढून निघत नाही, झाड हलेल पण सुरळी निघणार नाही. ती निघाली. सबंध माझ्या हातात आली, खालचं टोक मऊ आणि काळं, आणि असा वास आला की खालांनी खिडकी लावून घेतली.

आता रागाचं सांगते. त्या मालकावर मी दोन महिने चिडलेली होते, चेअरमनवर चिडलेली होते, दापोड्याच्या फितीवाल्यांवर तर कायमच. त्या सकाळी हे सगळे राग एकदम माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांना जायला जागा उरली नाही. थंडीने माड मारला नव्हता. थंडीने त्याला पिवळा केला होता, तेवढंच. मारायला निघाले होते मी. आणि का? तर त्या शेडमध्ये सुतीशिवाय कधी विणलं जात नाही, हे मला माहीत होतं म्हणून. वीस वर्षांपूर्वी माहीत होतं. दरम्यान सेठने सूत सोडून दिलं होतं, ताके माझ्या खात्यात येत नव्हते म्हणून मला कळलं नव्हतं, आणि एक धागा ओढून काडी लावायला मला तीन सेकंद लागले असते. कोणी दुसऱ्या बाईने हे केलं असतं तर मी तिला टेबलावरून उठवलं असतं.

नसीमभाईंनाही वाईट वाटलं. ते म्हणत राहिले, मला काय ठाऊक तुम्ही झाडाला नेसवाल, मी पोंछ्यासाठी दिलं होतं. मी त्यांना गप्प बसवलं. चूक माझी असताना दुसऱ्याने वाटा मागू नये.

खिडकी पुन्हा उघडली. खालांनी विचारलं, “मेला? मग माजा झाला.”

“अजून नाही,” मी म्हटलं.

कोकणातल्या कोणत्याही माडवाल्याला ठाऊक असतं ते केलं. चाकू उकळून घेतला, शेंड्यातलं सडकं तेवढं कापून काढलं, पांढरा भाग लागेपर्यंत. मोरचूद आणि कळीचा चुना वेगवेगळ्या पाण्यात कालवून एकत्र केला आणि ती निळी लापशी त्या भोकात घातली. वरून पाणी पडू नये म्हणून मडक्याचं खापर पालथं घातलं, हवा जाईल इतकं तिरकं. आणि मग काही केलं नाही. काही न करणं मला जमत नाही. एक महिना मी ते केलं.

नसीमभाईंनी त्या महिन्यात एक गोष्ट केली. त्यांचा चहाचा स्टोव्ह गोदामाच्या फाटकाशी असायचा, तो त्यांनी आणून बरोबर आमच्या भिंतीच्या पलीकडे मांडला. सकाळी मी खाली गेले की भिंतीतून स्टोव्हची फरफर ऐकू यायची. नऊ इंची भिंत एका स्टोव्हने तापत नसते. मी रोज हात लावून बघितला, गारच होती. त्यांना ते सांगितलं नाही.

फेब्रुवारी गेला. हवा बदलली, अंगावरचं पांघरूण पायाशी सरकायला लागलं. इमारतीतले लोक होळीसाठी जुनी खोकी, मोडक्या खुर्च्या मागच्या बाजूला आणून टाकायला लागले. आणून टाकायचे बरोबर माडाशेजारी. एकाने तर मोडकी खुर्ची माडालाच टेकवली. मी ती उचलून चेअरमनच्या दाराशी नेऊन ठेवली.

होळीला दहा दिवस असताना खापर उचललं तर भोकात काहीतरी दिसलं. पिवळट पांढरं टोक, लूमवर बाणा ओवत धावणाऱ्या धोट्याचं असतं तसं निमुळतं. बोटभर वर आलेलं, बाजूच्या देठाला चिकटून. मी चेअरमनना बोलावलं. ते वाकले, चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, हे जुनंच काहीतरी राहिलेलं आहे, वहिनी. तुम्ही कापलंत ना, त्याचा खुंट.

मला माझ्या कामाची पद्धत आठवली. आमच्याकडे कापडाची गाठ, म्हणजे मोठा गठ्ठा, बांधली की तोंडाशी दोन्ही पदरांवर मिळून सही करतात. मध्ये कोणी गाठ उघडली तर सहीचे दोन तुकडे पुन्हा जुळत नाहीत. मी वरून मार्कर आणला आणि त्यांच्या हातात दिला.

“भाऊ, इथे सही करा. अर्धी या टोकावर, अर्धी देठावर.”

“झाडावर सही?”

“तुमची सही सोसायटीच्या प्रत्येक कागदावर असते. इथे एक जास्त.”

त्यांनी केली. त्यांना सही करायला आवडतं. तारीखसुद्धा घालू का विचारलं, मी म्हटलं, जागा नाही.

होळीच्या सकाळी कमिटीचे पाच जण मागे आले. फरशीवाल्यालाही बोलावलेलं होतं, तो माप घ्यायची टेप हातात घेऊनच उभा होता. खाला खुर्ची घेऊन खिडकीत बसल्या होत्या, नसीमभाई भिंतीवर कोपर टेकून. मी पुढे झाले. खापर उचललं आणि बाजूला झाले.

सही मधोमध तुटली होती. खालचा अर्धा भाग देठावर जिथल्या तिथे होता आणि वरचा अर्धा भाग चार बोटं वर चढला होता, नव्या पानाबरोबर, हिरवट पडत चाललेल्या टोकावर. चेअरमननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सही स्वतःची होती. तिला खोटी म्हणता येईना.

फरशीवाल्याने टेप गुंडाळली. नसीमभाई पलीकडून म्हणाले, “साहब का नाम ऊपर जा रहा है।” त्यावर मात्र मी हसले.

संध्याकाळी होळी पेटली ती पुढच्या बाजूला, मोडक्या खुर्च्यांची.

याला चार वर्षं झाली. आता त्या सहा बाय सहाभोवती लाद्यांचा कट्टा बांधला आहे आणि त्यावर पाटी आहे, वृक्षसंवर्धन, खाली चेअरमन आणि कमिटीची नावं. माझं नाव नाही, मी कमिटीत नाही. खालांचं तर नाहीच, आणि नारळ त्यांच्या वाडीतला होता. पाहुणे आले की चेअरमन त्यांना मागे नेऊन आमचा माड म्हणून दाखवतात. मी गॅलरीतून ऐकते. नसीमभाईंच्या जागी गोदामवाल्यांनी मागच्या वर्षी चार कॅमेरे लावले आणि त्यांना सांगितलं की आता गरज नाही. ते गावी गेले. कॅमेऱ्याला चहा लागत नाही, भिंतीपलीकडून आता कसलाच आवाज येत नाही. वीस वर्षं विणकर, तीन वर्षं वॉचमन, आणि त्यांच्या नावाची पाटी कुठेच नाही. यावर मला शांतपणे लिहिता येत नाही, म्हणून पुढे जाते.

माडाचा शेंडा आता पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या वर गेला आहे. शिडी लावली तरी माझा हात पोहोचत नाही आणि पोहोचवायची गरजही नाही. एवढ्या वाढलेल्या माडाने भिवंडीची थंडी स्वतः सोसावी. मी खालून मुळांना पाणी घालते, दुपारी, आणि सवयीने भिंतीला हात लावून बघते. गार असते. शेंडा हाताला येत होता तोवर पुढचे हिवाळे मी तो जुन्या चादरींच्या पट्ट्यांनी गुंडाळला, आधी धागा जाळून बघून; त्या पट्ट्या मात्र मी टाकल्या नाहीत. सुती चांगल्या आहेत, कशालातरी लागतील.

आज दुपारी पाणी घालून वळले तर चेअरमन उभे. हातात नवी कोरी चादर, घडी न मोडलेली, चकचकीत, फुलाफुलांची. या वर्षी हवा फार आहे असं त्यांचं म्हणणं, माडाला काही झालं तर पाटीची शोभा जाईल. माणूस लावून वर चढवू, गुंडाळून घेऊ, तुम्ही फक्त कसं ते सांगा. शंभर टक्के कॉटन आहे वहिनी, दुकानदाराने शपथेवर सांगितलं.

मी चादरीच्या कडेचा एक धागा ओढला. खालांच्या खिडकीच्या कठड्यावर त्यांच्या उदबत्तीची काडेपेटी असते, ती मागून घेतली आणि काडी ओढली. धागा मागे सरला, वळला, टोकाला काळा मणी झाला. थंड होईपर्यंत फुंकर घातली आणि तो मणी त्यांच्या तळहातावर ठेवला.

“ही तुम्ही पांघरा, भाऊ,” मी म्हटलं. “त्याला उघडाच राहू दे.”